स्त्रियांचा मलावरोध : जुन्या निदानग्रंथांतील कारणविचार

१. वैद्यकाचीं जुनीं बाडें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आलीच असेल. पान उलटावें तों योग सांपडतो. काढा, चूर्ण, गुटी, लेप, रेच यांचीं मापें तोळे-मासे यांसह नोंदलेलीं असतात. परंतु तो योग कोणत्या कारणानें झालेल्या विकारावर व कोणास द्यावयाचा, याचा खुलासा बहुधा एका शब्दापलीकडे जात नाहीं. 'मलावष्टंभावर', 'कोठा साफ होण्यास', 'उदावर्तावर' एवढें लिहिलें कीं लेखकाचें काम झालें. अशा बाडांवरून जो कोणी पूर्वीच्या वैद्यांचें ज्ञान मोजूं जाईल त्याची समजूत अशी होईल कीं, मलावरोध हा एकच रोग असून रेच हें त्याचें एकच औषध आहे, आणि रोगी पुरुष कीं स्त्री हा प्रश्न विचारण्याचें कांहीं कारणच नाहीं. ही समजूत चुकीची आहे असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे खरा. परंतु ज्या ग्रंथकारांनीं तो निःशंकपणें मांडला त्यांचे ग्रंथ आपण रेशमी रुमालांत बांधून पूजावे आणि त्यांतील हीं पानें तेवढीं वाचल्यावांचून उलटावीं, हें संशोधकास शोभणारें नव्हे. शौचास साफ न होणें हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, असें आजचे वैद्यही सांगतात. आणि त्याचीं कारणें एकाहून अधिक असल्यामुळें निदानावांचून दिलेला रेच पुष्कळदां व्यर्थ जातो. म्हणून चरक, सुश्रुत, वाग्भट व माधव यांनीं हीं कारणें कशीं वेगळीं केलीं, त्यांत स्त्रियांविषयीं विशेष काय सांगितलें, आणि तें सांगितलेलें पुढें दृष्टीआड कां झालें, इतकाच विचार येथें करावयाचा आहे. आधुनिक शोध सर्व जुन्या पोथ्यांत होतेच, असें सिद्ध करण्याची आमची प्रतिज्ञा नाहीं.

२. प्रथम साधनांचा विचार करूं. सुश्रुतसंहितेची काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांतील ताडपत्री पोथी इ. स. ८७८ मधील असून २०१३ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतीच्या यादींत तिचा समावेश केला. भेलसंहितेची पोथी तंजावरच्या सरस्वती महालांत राहिली, व तीवरून कलकत्ता विश्वविद्यालयानें १९२१ सालीं तो ग्रंथ छापला. तंजावरच्या मराठी राजांनीं, विशेषतः दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनीं, तो संग्रह जोपासला नसता तर भेलाचें केवळ नांवच आपल्या हातीं उरतें. बालकें व प्रसूता हाच ज्या ग्रंथाचा मुख्य विषय, ती काश्यपसंहिता नेपाळांत सांपडलेल्या खंडित ताडपत्री पोथीवरून १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. स्त्रियांविषयीं अधिक बोलणारा ग्रंथच तुटक स्थितींत आपणांपर्यंत यावा, ही गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राचा या ग्रंथपरंपरेशीं संबंध जवळचा आहे. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली; ती समग्र उपलब्ध नाहीं. त्याच अष्टांगहृदयाची अरुणदत्ताच्या टीकेसह पहिली छापील आवृत्ति डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईस काढली.

उलट योगसंग्रहांची परंपरा किती जुनी आहे हें पाहावयाचें तर १८९० सालीं कुचा येथें लेफ्टनंट बॉवर यांच्या हातीं आलेली भूर्जपत्री पोथी पाहावी. डॉ. हर्नल यांनीं ती वाचून प्रसिद्ध केली. तींतील 'नावनीतक' हा मुख्यतः योगांचाच संग्रह असून त्यांत हरीतकीचा स्वतंत्र कल्प आहे. म्हणजे निदान सोडून योग तेवढा उतरून घेण्याची वृत्ति पेशवाईंतील बाडांत प्रथम उत्पन्न झाली असें नव्हे. ती दीड हजार वर्षांची आहे. प्रवासांत जवळ बाळगावयाची वही निदानानें जड करण्याची कोणास हौस असणार?

३. आतां मूळ विषयाकडे वळूं. मलविसर्जनाची क्रिया या ग्रंथांनीं अपान वायूच्या स्वाधीन केली आहे. सुश्रुत निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत सांगतो कीं, पक्वाशयांत राहणारा हा वायु योग्य काळीं वात, मळ, मूत्र, शुक्र, गर्भ आणि आर्तव यांस खालीं ओढतो. वाग्भटाचें सांगणेंही याच अर्थाचें असून त्यानें त्याचा संचार कंबर, बस्ति, जननेंद्रिय व मांड्या येथवर मानिला आहे.

यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, 'योग्य काळीं' हा शब्द येथें शोभेसाठीं घातलेला नाहीं. पुढील सर्व कारणविचार त्यावर उभा आहे. दुसरी ही कीं, मळ, आर्तव व गर्भ हीं तिन्हीं एकाच शक्तीच्या ताब्यांत दिल्यामुळें स्त्रीच्या मलावरोधाचा विचार तिच्या ऋतूपासून व प्रसूतीपासून वेगळा काढतां येत नाहीं. अपान हा एक सिद्धांत आहे, शरीरांत कापून दाखवितां येणारें इंद्रिय नव्हे, हें खरें. परंतु त्या सिद्धांतानें वैद्यास जो प्रश्न विचारावयास लावला, तो योग्य होता.

४. कारणांपैकीं पहिलें कारण वेगधारण, म्हणजे आलेला वेग अडवून धरणें. चरकाच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायांत न अडविण्याच्या तेरा वेगांची गणना असून मळाचा वेग अडविल्यास पक्वाशयांत व मस्तकांत शूळ, वात व मळ न सरणें, पोटऱ्यांत वळ आणि पोटफुगी हीं लक्षणें दिलीं आहेत. त्यावर उपाय म्हणून शेक, अभ्यंग, कोमट पाण्यांत बसणें, वर्ति व बस्ति हे सांगितले आहेत. वाग्भट याच्याही पुढें एक पाऊल जातो. वेग अडविणें हें जसें रोगाचें मूळ, तसेंच न आलेला वेग बळानें आणणें हेंही मूळ होय, असें तो स्पष्ट म्हणतो. मराठींत ज्यास आपण कुंथणें म्हणतों त्याचा हा कारणांत समावेश झाला. एरव्हीं कुंथणें हें मलावरोधाचें केवळ लक्षण समजलें जातें. तेंच नित्याची संवय झाली असतां कारण बनतें, ही गोष्ट येथें हाताशीं येते.

वेग कोण अडवितो, याचें उत्तर चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांतील अकराव्या अध्यायांत आहे. हा भाग दृढबलानें पुरा केलेला होय. तेथें सदा आजारी असणारे चार वर्ग सांगितले आहेत : श्रोत्रिय ब्राह्मण, राजसेवक, वेश्या आणि व्यापारी. ब्राह्मण अध्ययन, व्रतें व नित्यकर्में यांत गुंतल्यामुळें, राजसेवक धन्याचें मन सांभाळण्याच्या चिंतेनें व भीतीनें, वेश्या पुरुषाच्या चित्ताप्रमाणें वागून उपचार व शृंगार यांत गढल्यामुळें, आणि व्यापारी सदा बैठक व खरेदी-विक्रीचा लोभ यांमुळें आलेला वेग अडवितात व वेळेवर जेवीत नाहींत.

या यादींत स्त्री म्हणून एकटी वेश्याच आली आहे. गृहिणीचें नांव नाहीं. परंतु कारणें पाहिलीं तर दुसऱ्याच्या मर्जीनें वागणें, भीति, आणि आपल्या देहाकडे पाहण्यास सवड नसणें हीं जितकीं राजसेवकास लागू आहेत तितकींच आमच्याकडील सासुरवाशिणीसही लागू होतीं. घरांतील वडील मंडळींसमोरून तांब्या घेऊन परसाकडे जाण्याची लाज, म्हणून पहांटेपूर्वीं किंवा दिवेलागणीनंतरच बाहेर पडणें, हा प्रकार महाराष्ट्रांतील खेड्यांत कोणास अपरिचित आहे? २ ऑक्टोबर २०१४ रोजीं स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, त्या काळींही देशांतील पुष्कळ स्त्रियांस अंधार पडेपर्यंत वेग धरून ठेवावा लागत असे. ज्या कारणाचें मूळ घराच्या रचनेंत व चालीरीतींत आहे त्यावर हिरड्याचें चूर्ण कितपत चालणार, हें सांगणें नको.

५. दुसरा विचार स्थानाचा. मळ कोठें अडतो? चरकसंहितेंतील वातव्याधीच्या अध्यायांत (चिकित्सास्थान, अ. २८) या प्रश्नाचा जो विवेक केला आहे तो फार महत्त्वाचा आहे. वायु पक्वाशयांत बिघडला असतां आंतड्यांत गुरगुर, शूळ, मलमूत्र कष्टानें होणें, पोट ताठणें व माकडहाडाच्या भागांत वेदना हीं लक्षणें. तोच गुदांत बिघडला असतां मळ, मूत्र व वात हीं तिन्हीं अडणें, पोटफुगी, आणि मांड्या, पोटऱ्या, कंबर व पाठ यांच्या व्यथा हीं लक्षणें. त्याच अध्यायांत मळानेंच वायु वेढला गेला असतां होणारी तिसरी स्थिति वर्णिली आहे. तींत जेवण झालें कीं पोट फुगतें. प्यालेला स्नेह लवकर जिरून जातो. आणि मागून आलेल्या अन्नाच्या दाबानें मळ फार वेळानें, कष्टानें व कोरडा होऊन पडतो. वेगधारण हें वर आलेंच. तेव्हां मळ वाटेंत सुकून रेंगाळणें व मळ दाराशीं येऊन अडणें या दोन अवस्थांचीं लक्षणें ग्रंथकारांनीं निरनिराळीं नोंदलीं होतीं, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

दारासंबंधीं सर्वांत सूक्ष्म माहिती सुश्रुताच्या निदानस्थानांतील दुसऱ्या अध्यायांत आहे. तो अध्याय अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा आहे. त्यामुळें मलावरोधाचा शोध करणारा वाचक तेथें सहसा जात नाहीं. स्थूलांत्राशीं जोडलेलें गुद साडेचार अंगुळें असून त्यांत दीड-दीड अंगुळाच्या अंतरानें तीन वळ्या आहेत, असें सांगून सुश्रुत त्यांचीं नांवें प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशीं देतो. पहिली लोटणारी, दुसरी सोडणारी, तिसरी मिटणारी. या वळ्या आजच्या शरीरशास्त्रांतील अमुकच भाग होत अशी जुळवाजुळव आम्ही करीत नाहीं. परंतु नांवें आकारावरून न देतां क्रियेवरून दिलीं आहेत, हें ध्यानांत घ्यावें. मलविसर्जनास लोटणें पुरत नाहीं, सोडणेंही लागतें, आणि मिटलेलें दार त्या क्षणीं उघडावें लागतें, हा भेद त्या तीन नांवांत आहे. जी स्त्री सारें बळ लावून लोटते पण सोडूं शकत नाहीं, तिचा मळ मऊ असूनही अडतो. अशा रोग्यास रेच देणें म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर मागून आणखी माणसें लोटणें होय.

याखेरीज आणखी दोन कारणें निराळ्या अध्यायांत पडलीं आहेत. कुंथण्यानें किंवा अतिसारानें रूक्ष व दुर्बळ मनुष्याचें गुद बाहेर येतें, तो गुदभ्रंश. सुश्रुतानें त्यास क्षुद्ररोगांत घातलें. आणि अन्नाबरोबर पोटांत गेलेले केस, खडे इत्यादिकांनीं आंतड्याची वाटच बुजते, तें बद्धगुदोदर. त्याचा समावेश उदररोगांत झाला, व त्यावर सुश्रुतानें शस्त्रकर्म सांगितलें. वाट बुजणें व वाट न उघडणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें त्या काळीं माहीत होतें.

६. आतां केवळ स्त्रियांसंबंधीं जें आहे तें पाहूं. चरकाच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीस आठव्या महिन्यांत मलावरोधासह उदावर्त झाल्यास त्याची उपेक्षा करूं नये, कारण तो गर्भाचा किंवा गर्भासह मातेचाही एकाएकीं घात करील, अशी ताकीद आहे. अनुवासनानें भागणार नाहीं असें वाटल्यास निरूहबस्ति द्यावा असें तो म्हणतो. सुश्रुत शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत याच महिन्यासाठीं बोरांचें पाणी, बला, अतिबला, बाळंतशेप, दूध, दह्याची निवळ, तेल, मीठ, गेळफळ, मध व तूप यांचा बस्ति सांगून त्याचें प्रयोजनही देतो : सांचलेला जुना मळ निघावा व वायु सरळ मार्गीं लागावा. तसें झालें म्हणजे स्त्री सुखानें प्रसवते असें त्याचें मत. आज असा बस्ति घरीं कोणीं देऊं नये हें उघड आहे. पण गर्भारपणांत मलावरोध होतो व तो निराळा ओळखावा लागतो, ही नोंद येथें असंदिग्ध आहे.

याच अध्यायांत चरकाचें एक स्थळ आहे, तें आमच्या मतें या सर्व विषयाचें मर्म होय. प्रसूतीच्या वेळीं गुणवती, अनुभवी स्त्रिया गर्भिणीच्या भोंवतीं असाव्या, व त्यांनीं तिला उपदेश करावा कीं, कळा आल्यावांचून जोर करूं नकोस. याचें कारण दाखविण्यासाठीं दृष्टांत दिला आहे तो शिंक, ढेंकर, वात, मूत्र व मळ यांचा. यांचा वेग आला नसतां मनुष्यानें कितीही प्रयत्न केला तरी ते येत नाहींत, किंवा महाकष्टानें येतात; गर्भाचेंही तसेंच. आणि आलेला वेग अडविला तर जशी इजा होते, तशीच वेळ आल्यावर जोर न केल्यानेंही होते.

या स्थळाचें महत्त्व दुहेरी आहे. एक तर प्रसूति व मलविसर्जन या दोन क्रियांतील साम्य येथें शब्दानें उच्चारलें आहे, आणि वेगावांचून कुंथणें व वेग असतां रोखणें या दोन्ही चुका एका वाक्यप्रबंधांत मांडल्या आहेत. वाग्भटानें जें सूत्ररूपानें सांगितलें त्याचें हें प्रत्यक्ष उदाहरण. दुसरें असें कीं, हा उपदेश ग्रंथकारानें वैद्याच्या तोंडीं घातला नाहीं. तो सुइणींच्या व वडील बायकांच्या तोंडीं घातला आहे. सुश्रुतानेंही प्रसूतीच्या वेळीं नखें कापलेल्या, वयानें पोक्त व प्रसूतिकर्मांत कुशल अशा चार स्त्रिया जवळ असाव्या असें म्हटलें आहे. तेव्हां हें ज्ञान मूळचें कोणाचें, हें शोधावयास दूर जाणें नको. पुरुषांनीं लिहिलेल्या संहितेंत बायकांचें ज्ञान जेथें त्यांच्याच शब्दांच्या जवळ येतें, अशा थोड्या जागांपैकीं ही एक आहे.

तिसरें स्थळ योनिव्यापदांचें (चरक, चिकित्सास्थान, अ. ३०). वीस योनिरोगांपैकीं एकीचें नांवच उदावर्ता किंवा उदावर्तिनी असें आहे. वेग उलट फिरल्यानें वायु योनीस वर ओढतो, आर्तव कष्टानें व वेदनेसह सुटतें, आणि तें सुटतांच स्त्रीस आराम पडतो. मलावरोध व कष्टार्तव या दोहोंस एकच नांव मिळालें, कारण दोहोंचा अधिकारी अपान एकच. विटाळाच्या दिवसांपूर्वीं कोठा जड होतो व विटाळ येतांच मोकळा होतो, हा अनुभव पुष्कळ स्त्रियांस असतो. त्या अनुभवास हें नांव समजण्याजोगें आहे.

७. इतकें सांगितल्यावर या ग्रंथांची उणीवही सांगितली पाहिजे. माधवानें उदावर्ताचीं लक्षणें देतांना वेग अडविल्यानें होणाऱ्या साध्या त्रासाबरोबरच तोंडावाटें मळ येण्याचेंही लक्षण दिलें आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतही तें आहे. आजच्या दृष्टीनें हें दुसरें लक्षण आंतडें बंद पडल्याचें असून तेथें तासांचा हिशेब असतो. एका नांवाखालीं दोन इतक्या भिन्न अवस्था घातल्यानें वैद्याची फसगत होण्याचा संभव होता. तसेंच उतार वयांत एकाएकीं झालेला मलावरोध, मळाबरोबर रक्त, शरीर झडणें या खुणा दिसतांच आज प्रथम अर्बुदाची शंका निवारली जाते; ती सोय प्राचीनांस नव्हती.

परंतु मोठी उणीव ज्ञानाची नसून मांडणीची आहे. स्त्रीच्या मलावरोधाचीं कारणें एका प्रकरणांत कोठेंच नाहींत. माधवनिदानांत उदावर्त व आनाह यांचें प्रकरण पूर्वार्धांत, गुदभ्रंश क्षुद्ररोगांत, योनिव्यापद् जवळजवळ शेवटीं. त्यावरील मधुकोश टीका विजयरक्षितानें आरंभिली व त्याचा शिष्य श्रीकंठदत्त यानें पुरी केली. म्हणजे एका रोगिणीच्या व्यथेचा निरनिराळ्या प्रकरणांतून, आणि कांहीं अंशीं निरनिराळ्या टीकाकारांकडून, शोध घ्यावा लागतो. गर्भिणीचा भाग तर निदानग्रंथांत येतच नाहीं; तो शारीरांत राहिला. ज्यानें सर्व संहिता पाठ केली त्यास हे धागे जोडतां येत. ज्याच्याजवळ केवळ बाड होतें त्याच्या हातीं 'मलावष्टंभावर' एवढा शब्द व त्यापुढें जेपाळाची गोळी राहिली.

८. हीच कथा युरोपांत निराळ्या रूपानें घडली, व तींत कालाचें अंतर फार नाहीं, म्हणून ती येथें थोडक्यांत देतों. एडिंबरोचे वैद्य जेम्स हॅमिल्टन यांनीं १८०५ सालीं रेचकांच्या उपयोगावर ग्रंथ लिहिला; तरुण मुलींचा पांडुरोग व हिस्टिरिया यांवरही त्यांनीं रेचच सांगितला. पुढें शतकभरानंतर लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत सर आर्बुथ्नॉट लेन हे जुनाट मलावरोधासाठीं मोठें आंतडेंच काढून टाकूं लागले. त्यांच्या रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. त्यांचें पुस्तक १९०९ सालीं निघालें. त्याच वर्षीं त्याच रुग्णालयांतील आर्थर हर्ट्झ (१९१६ नंतर हर्स्ट) यांचाही मलावरोधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनीं बिस्मथ खाऊं घालून क्ष-किरणांनीं मळाचा प्रवास पाहिला, आणि कांहीं रोग्यांत मळ वेळेवर गुदापर्यंत येतो पण बाहेर टाकतां येत नाहीं असें दाखवून या अवस्थेस 'डिस्केझिया' हें वेगळें नांव दिलें. कारणांमध्यें त्यांनीं वेगाची उपेक्षा, पोटाच्या व ओटीतळाच्या स्नायूंचें दौर्बल्य आणि बसण्याची चुकीची ठेवण यांवर भर दिला. एका छताखालीं एकजण आंतडें कापीत होता व दुसरा तें कापण्याचें कारण नाहीं असें दाखवीत होता.

हर्स्ट यांच्या भेदाची पुढील सिद्धि हळूहळू झाली. १९५२ सालीं स्वीडनमध्यें वाल्डेन यांनीं गर्भाशयामागील खोल खळग्यांत आंतडें उतरून स्त्रियांचें मलविसर्जन अडतें तें क्ष-किरणांनीं दाखविलें. १९६६ सालीं लंडनमध्यें पार्क्स व त्यांचे सहकारी यांनीं दीर्घकाल कुंथण्यानें ओटीतळ खालीं सरकतो व तो सरकल्यानें कुंथणें आणखी वाढतें, हें चक्र वर्णिलें. १९६९ सालीं क्ष-किरणांत दिसणारे लहान तुकडे गिळावयास देऊन मळाच्या प्रवासाचा वेळ मोजण्याची रीत आली. १९८५ सालीं प्रेस्टन व लेनर्ड-जोन्स यांनीं कुंथतांना सुटण्याऐवजीं आवळल्या जाणाऱ्या गुदस्नायूंचें वर्णन केलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं ज्या तरुण स्त्रियांत मळाचा प्रवासच मंद असतो व ज्यांचा त्रास पुष्कळदां वयांत येतांना सुरू होतो त्यांचा वर्ग वेगळा काढला. २००६ सालीं कियारिओनी यांच्या परीक्षणांत असें दिसलें कीं, ज्यांचे स्नायू सुटत नाहींत अशांस स्नायू सोडण्याचें शिक्षण दिल्यानें रेचकापेक्षां अधिक गुण येतो.

आज स्त्रीचें निदान करतांना वैद्य प्रथम विचारतो तें हें : किती दिवसांनीं होतें, मळ कसा असतो, कुंथावें लागतें काय, झाल्यावरही राहिल्यासारखें वाटतें काय, बोटानें आधार द्यावा लागतो काय, बाळंतपणें किती व कशीं झालीं, कोणतीं औषधें चालू आहेत. मग बोटानें गुदपरीक्षा, आणि जरूर पडल्यास फुगा बाहेर टाकण्याची परीक्षा, दाबमापन व क्ष-किरण. गुदाशयाची भिंत योनिमार्गाकडे फुगून त्या पिशवींत मळ अडतो, हें कारण तर बाळंतपणें झालेल्या स्त्रियांतच विशेष पाहावें लागतें. परंतु फुगवटा दिसला म्हणजे तोच अपराधी असें नव्हे. त्रास नसलेल्या स्त्रियांतही तो आढळतो. यांत यंत्रें नवीं आहेत; पण मंद प्रवास, बंद दार, अडविलेला वेग, बाळंतपण व ऋतु हे निदानाचे प्रश्न नवे नाहींत. नवें ज्ञान जुन्यांनीं सांगितलें होतें असें म्हणणें खोटें होईल; जुने प्रश्न आपण हरवून बसलों होतों, असें म्हणणें खरें आहे.

९. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. वैद्यक बाडाची यादी करतांना योगांची संख्या व पुष्पिकेंतील शक एवढ्यावर थांबूं नये. ज्या पानांत निदानाचे श्लोक उतरलेले आहेत तीं, दोन ओळींचीं असलीं तरी, वेगळीं नोंदावीं. समासांत 'बाळंतिणीस', 'गरवारीस', 'विटाळाच्या दिवसांत' अशा खुणा असल्यास त्या क्षुल्लक समजूं नयेत. त्या खुणा करणाऱ्यास कारणभेद ठाऊक होता, व कदाचित् तो त्यास घरांतील एखाद्या वडील बाईनें सांगितला असेल. शारीर, सिद्धि व योनिव्यापद् यांचीं सुटीं पानें 'अश्लील' किंवा 'किरकोळ' या रुमालांत टाकूं नयेत. संहिता छापल्या गेल्या आहेत. त्या नष्ट होण्याचें भय आतां राहिलें नाहीं. परंतु त्या संहितांतील विवेक महाराष्ट्रांतील किती वैद्यांनीं व्यवहारांत राखला आणि किती जणांनीं तो टाकून गोळी तेवढी ठेविली, याचा पुरावा छापील ग्रंथांत मिळावयाचा नाहीं. तो अशा पानांतच आहे, आणि तीं पानें दरसाल वाळवीच्या मुखीं पडत आहेत.

निमूटपणें सोसलेल्या दुखण्यांचा इतिहास लिहिणें कठीण असतें, कारण सोसणारीनें तो लिहून ठेविलेला नसतो. चरकाच्या त्या स्थळीं सुइणींचे शब्द एकदां तरी लेखकाच्या कानीं पडले व ते टिकले. तसे आणखी कोठें टिकले असतील तर ते शोधून काढणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे, इतकें लिहून हा लेख पुरा करतों.